‘लाय’ म्हणायचं की ‘ले’? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यात समुद्राला लागून माझी आत्तेबहीण चार खोल्यांचा होमस्टे चालवते. परदेशी पाहुण्यांच्या ईमेलना उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. वीज आणि रेंज परत आली तेव्हा एका जुन्या पाहुण्याची खुशाली विचारणारी ईमेल येऊन पडली होती. मी उत्तरात लिहिलं, ‘ट्रीज लेड ऑन द रोड फॉर फोर डेज.’ त्याने उलट लिहिलं, सगळे सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला, पण झाडांनी रस्त्यावर घातलं काय? अंडी?

तीस वर्षं शिकवून पदरात अंडी. त्या दिवसापासून या एका क्रियापदाच्या मी हात धुऊन मागे लागलो. आता होमस्टेवाले, नर्सिंगच्या मुली, बोटीवर जाणारे पोरगे, दहावीचे पालक असे कोणी ना कोणी विचारत असतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे मांडतोय.

हा गोंधळ नेमका कशाचा?

इंग्रजीत तीन वेगळी क्रियापदं आहेत आणि ती एकमेकांचे कपडे घालून फिरतात.

पहिलं ‘लाय’. स्पेलिंग एल, आय, ई. अर्थ आडवं होणं, पडून असणं, एखाद्या जागी असणं. त्याची रूपं लाय, ले, लेन.

दुसरं ‘ले’. स्पेलिंग एल, ए, वाय. अर्थ ठेवणं, अंथरणं, घालणं, रचणं. रूपं ले, लेड, लेड.

तिसरं पुन्हा ‘लाय’, स्पेलिंग पहिल्याचंच, पण अर्थ खोटं बोलणं. रूपं लाय, लाइड, लाइड. हे बिचारं सरळ आहे, त्याचा फारसा त्रास नाही.

खरी मेख पहिल्या दोघांत. पहिल्याचा भूतकाळ ‘ले’, आणि दुसऱ्याचं मूळ रूपही ‘ले’. उच्चार तोच, स्पेलिंग तेच. त्यामुळे नुसतं ‘ले’ दिसलं तर ते काल पडून असलेलं आहे की आज ठेवायचंय, हे बाकीचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.

रूपं पाठ केली तरी ऐन वेळी घोळ होतो. काही सोपी खूण?

आहे, आणि ती तुमच्या तोंडात लहानपणापासून आहे. वाक्य मराठीत म्हणा, भूतकाळात म्हणा, आणि कर्ता तिसरा कोणीतरी घ्या. कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला तर इंग्रजीत ‘ले, लेड, लेड’. नाही लागला तर ‘लाय, ले, लेन’.

कोंबडीने अंडं घातलं. ‘ने’ आला, म्हणून ‘द हेन लेड अॅन एग.’

मांजर उंबऱ्यावर पडलं. ‘मांजराने पडलं’ असं कोणी म्हणत नाही. म्हणून ‘द कॅट ले ऑन द थ्रेशोल्ड.’

गवंड्याने चिरे लावले. ‘द मेसन लेड द स्टोन्स.’

चिरे पावसात अंगणात पडून राहिले. ‘द स्टोन्स ले इन द यार्ड.’

असं का होतं, त्याचं उत्तर आपल्याच व्याकरणात आहे. क्रिया दुसऱ्या कशावर तरी घडत असली, म्हणजे क्रियापद सकर्मक असलं, की मराठी भूतकाळात कर्त्याला ‘ने’ चिकटतो आणि क्रियापद कर्माच्या मागे चालू लागतं: कोंबडीने अंडं घातलं, कोंबडीने अंडी घातली. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणायचे आणि दोन मार्कांसाठी आपण तो घोकायचो. इंग्रजीतलं ‘ले’ सकर्मक, ‘लाय’ अकर्मक. इंग्रज पोराला हा भेद वेगळा शिकावा लागतो, कारण त्याच्या भाषेत कर्त्याला काहीच चिकटत नाही. आपला शेजारचा बाळ्या चौथीत नापास झाला असला तरी ‘मांजराने पडलं’ म्हणणार नाही.

आता माझं वाक्य बघा. ‘झाडं रस्त्यावर पडून होती.’ यात ‘झाडांनी’ कुठेच नाही. तरी मी ‘लेड’ लिहिलं, म्हणजे माझ्या नकळत मी ‘झाडांनी’ म्हणून बसलो. ‘झाडांनी’ म्हटल्यावर समोरचा ‘काय?’ असं विचारणारच.

वाक्य वर्तमानकाळाचं किंवा पुढचं असेल तर ‘ने’ कुठून आणायचा?

खुणेपुरतं वाक्य भूतकाळात न्यायचं, क्रियापद ठरवायचं आणि परत यायचं. ‘उद्या गवंडी चिरे लावेल’ हे मनात ‘गवंड्याने चिरे लावले’ करा. ‘ने’ आला, क्रियापद ‘ले’ ठरलं. मग उद्याचं रूप: ‘विल ले’.

ही खूण कधी फसत नाही का?

फसते. चार ठिकाणं सांगतो.

‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ दिसतच नाही. ‘मी चावी ठेवली’ आणि ‘मी जरा पडलो’ यांत कर्ता दोन्हीकडे नुसता ‘मी’. ‘आम्ही’, ‘तुम्ही’चंही तसंच. म्हणून तिसरा माणूस घ्या: ‘त्याने चावी ठेवली’, ‘तो जरा पडला’. लगेच वेगळं दिसतं.

दुसरं ठिकाण मजेचं. ‘त्याने अंग टाकलं’, ‘त्याने ताणून दिली’. इथे ‘ने’ आहे, पण इंग्रजीत साधं ‘ही ले डाउन’. कारण मराठीने स्वतःच्या अंगालाच कर्म केलं. वाक्यात शरीर आडवं होतंय आणि दुसरी कुठलीही वस्तू हलत नाहीये, एवढं दिसलं की ‘ने’कडे काणाडोळा करायचा.

तिसरं, मराठीतली काही क्रियापदं कर्म असूनही ‘ने’ घेत नाहीत. बोलणे, विसरणे, शिकणे ही त्यांतली. ‘तो खोटं बोलला’. योगायोग बघा, इंग्रजीतलं खोटं बोलायचं ‘लाय’सुद्धा अकर्मकच आहे. त्यामुळे तिथे खूण लंगडी असूनही उत्तर बरोबर येतं.

चौथं, कर्ताच गायब असला तर. ‘केळीची पानं मांडली गेली’, ‘पाया घातला गेला’. इथे कोणीतरी मांडली, कोणीतरी घातला. तो कोणीतरी मनात आणा, त्याला ‘ने’ लावा: ‘लेड’.

आमच्या मालवणीत ‘ने’ कुठे म्हणतात? ‘आवशीन सांगल्यान’ म्हणतात.

मग ‘न’ धरा. काम तेच.

इंग्रजांनी असा घोळ घालून ठेवलाच का?

घोळ नाही, ती एक जुनी सोय होती. आपल्याकडे पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, चरणे आणि चारणे अशा जोड्या आहेत. आपण पडतो, दुसऱ्याला पाडतो. गाय चरते, गुराखी चारतो. पहिल्या क्रियापदातला स्वर जरा ओढला की दुसरं तयार. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही हीच रीत होती. ‘लाय’ म्हणजे आडवं असणं, त्यातला स्वर बदलून ‘ले’, म्हणजे आडवं करणं. ‘सिट’ बसणे, ‘सेट’ बसवणे. जर्मनमध्ये आजही लीगन आणि लेगन अशी जोडी नांदते आहे. खोटं बोलायचं ‘लाय’ मात्र वेगळ्या कुळातलं. जर्मनमध्ये ते ल्यूगन आहे. इंग्रजीत झिजत झिजत ते पहिल्यासारखं दिसायला लागलं, एवढंच.

सगळ्यात गंमतीची जोडी ‘फॉल’ आणि ‘फेल’ची. फॉल म्हणजे झाड पडणे, फेल म्हणजे झाड पाडणे. अगदी आपलं पडणे-पाडणे. आणि तिथेही तोच सापळा: ‘फॉल’चा भूतकाळ ‘फेल’! ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडलं. ‘दे फेल द ट्री’ म्हणजे ते झाड पाडतात. एक सापळा लावून इंग्रजीचं समाधान झालं नसावं.

‘लेन’ कधी वापरायचं? आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

ऐकू येणं कठीणच. बोलताना इंग्रजही ते टाळतात. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ आलं आणि क्रियापद पडून असण्याचं असलं तर ‘लेन’: ‘द नेट हॅज लेन ऑन द सँड सिन्स जून.’ जूनपासून जाळं वाळूत पडून आहे. जीभ अडखळत असेल तर सरळ ‘हॅज बीन लाइंग’ म्हणा, तेही शुद्ध आहे. ‘वॉज लेन’ मात्र कधीच होत नाही.

वेळासला पाहुण्यांना कासवं दाखवतो. पाटीवर काय लिहू?

हा प्रश्न दर हंगामात येतो. वेळास मंडणगड तालुक्यातलं. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडली कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं, आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लांबून लोक येतात. जिथे लोक येतात तिथे पाट्या येतात. ‘टर्टल्स लाय एग्ज हिअर’ अशी पाटी मी एकदा माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. गाव सांगत नाही.

कासवीने अंडी घातली. ‘ने’ आहे. म्हणून ‘टर्टल्स ले एग्ज हिअर.’ पण ‘टर्टल एग्ज लाय हिअर’ असं लिहिलंत तर तेही बरोबर, कारण तिथे कर्ता अंडी आहेत आणि अंडी नुसती पडून आहेत. एका शब्दाच्या फरकाने पाटी चूक की बरोबर ठरते, म्हणून रंगाऱ्याच्या हाती कागद देण्याआधी एकदा मोठ्याने वाचा.

पाहुण्यांना तोंडी सांगायचं तर गोष्ट अशी. मादी रात्री वाळूत येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते, त्यात शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. मागे वळून बघत नाही. अंडी साधारण ४५ ते ६० दिवस वाळूत राहतात. इंग्रजीत: ‘शी लेड अबाउट अ हंड्रेड एग्ज. दे ले इन द सँड फॉर फिफ्टी डेज.’ दोन वाक्यं, दोन क्रियापदं, दोन्ही भूतकाळात. ही दोन वाक्यं पाठ केलीत तर बाकीचं पान वाचलं नाहीत तरी चालेल.

आणि हो, मराठीत कोंबडी अंडी ‘देते’ असंही म्हणतात. तेवढ्यावरून ‘द हेन गिव्ह्ज एग्ज’ म्हणू नका. इंग्रज कोंबडी काही देत नाही, घालते.

आंब्याची आढी कशी सांगायची? पाहुणे दरवर्षी विचारतात.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. बहिणीकडे माळ्यावर आढी असते. खाली भाताचा पेंढा, त्यावर हापूस एकाशेजारी एक, वर पुन्हा पेंढा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत काही नाही. मग एका सकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच वास अडवतो. बहीण हात घालून, न बघता, बोटांनी दाबून तयार फळ उचलते. मला अजून जमत नाही, मी हमखास कच्चं काढतो.

तिच्यासाठी लिहून दिलेली वाक्यं: ‘वी ले द मँगोज इन स्ट्रॉ. दे लाय देअर फॉर एट टू टेन डेज.’ आम्ही ठेवतो, ते पडून राहतात. हेच गेल्या वर्षीचं सांगायचं तर: ‘वी लेड द मँगोज इन स्ट्रॉ. दे ले देअर फॉर टेन डेज.’ नीट बघा, वर्तमानकाळात पहिल्या वाक्यात असलेलं ‘ले’ भूतकाळात उडी मारून दुसऱ्या वाक्यात गेलं. सगळा घोळ या एका उडीत आहे.

उन्हात आमसुलं घालणं, फणसपोळी पसरून ठेवणं, अंगणात सुपारी वाळत घालणं, यालाही ‘ले आउट’ चालतं. बोंबलांना नाही. ते वलांडीवर टांगलेले असतात, तिथे ‘हँग’ हवं.

‘ठेवणे’ म्हणजे ‘ले’ का? मग ‘कीप’ कुठे?

आपल्या लोकांचं ‘कीप’वर फार प्रेम. ‘आय हॅव केप्ट युवर बॅग इन द रूम.’ आपल्या इंग्रजीत हे इतकं रुळलंय की देशी पाहुण्याला काही वाटणार नाही. बाहेरच्याला मात्र बॅग तुम्ही ठेवूनच घेतलीत असं क्षणभर वाटू शकतं. वस्तू नुसती कुठेतरी ठेवली तर ‘पुट’ किंवा ‘लेफ्ट’. ‘ले’ कधी? आडवी, पसरून, जपून ठेवली तर. चटई, चादर, केळीचं पान, झोपलेलं बाळ, रेल्वेचे रूळ यांना ‘ले’. बादली, हंडा, स्कूटरची चावी यांना ‘पुट’.

पंगतीचं सांगायचं झालं तर ‘वी ले अ बनाना लीफ बिफोर ईच गेस्ट.’ टेबल मांडायला ब्रिटिश ‘ले द टेबल’ म्हणतात, अमेरिकन ‘सेट द टेबल’. अंथरूण घालून तयार आहे असं सांगायला मात्र ‘युवर बेड इज मेड’ हेच बरं. तिथे ‘ले’च्या नादी लागू नका.

किल्ल्यांची माहिती सांगताना दोन्ही येतात. कसं जुळवायचं?

किल्ला एका जागी आहे: ‘लाय’. किल्ल्याचा पाया कोणीतरी घातला: ‘ले’. सुवर्णदुर्ग हर्णैसमोर पाण्यात आहे, म्हणून ‘सुवर्णदुर्ग लाइज ऑफ हर्णै’. आजही तिथेच आहे, म्हणून वर्तमानकाळ. सिंधुदुर्ग मालवणसमोर कुरटे बेटावर, त्याचा पाया शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला घातला. ‘महाराजांनी’ म्हटलं की ‘लेड’: ‘शिवाजी महाराज लेड द फाउंडेशन इन सिक्स्टीन सिक्स्टी-फोर.’

पुढे गाइड हमखास सांगतो की पायात शिसं ओतलं. शिशालाही इंग्रजीत ‘लेड’! देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात. बोलताना पाया घालण्याचं ‘लेड’ जरा लांबवायचं, लेइडकडे झुकवून, आणि शिशाचं आखूड तोडायचं.

कोकण रेल्वेचंही हेच. रूळ टाकले: ‘द ट्रॅक्स वेअर लेड’. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा रोहा आणि मडगावच्या मध्ये कुठेतरी येतो, असं पाहुण्याला सांगायचं तर बोगदा ‘लाइज’, बोगद्यातले रूळ ‘लेड’.

होडीला काय लावायचं?

नांगरून पाण्यात उभी असेल तर ‘लाय’: ‘द बोट इज लाइंग अॅट अँकर.’

पावसाळ्यात वर काढून ठेवलेली असेल तर ‘लेड अप’. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात. त्या आपण होऊन वर आल्या नाहीत, खलाशांनी ओढून ठेवल्या. ‘नी’ आला. म्हणून ‘द बोट्स आर लेड अप फॉर द मान्सून.’ तापाने अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही इंग्रजीत ‘लेड अप’च म्हणतात, म्हणजे माणूस आणि होडी एकाच शब्दात शाकारलेले.

जाळ्याला शक्यतो ‘ले’ लावू नका. पाग फेकतात त्याला ‘कास्ट’, रोवून ठेवायच्या जाळ्याला ‘सेट’.

मुलगा जहाजावर जातोय. त्याला हे लागेल का?

लागेल. ‘कील लेड’ हे जहाजाच्या कागदपत्रांत भेटतंच. जहाजाचा कणा ज्या दिवशी घातला त्या तारखेवरून सुरक्षेचे कुठले नियम त्याला लागू, हे बऱ्याचदा ठरतं. माल चढवा-उतरवायला ठरलेल्या मुदतीला ‘लेटाइम’ म्हणतात. काम नसल्याने बंदरात बांधून ठेवलेलं जहाज पुन्हा ‘लेड अप’. त्याला म्हणावं, होड्यांचं समजलं तर जहाजाचं समजलं.

मी नर्स आहे. पेशंटला ‘ले डाउन’ म्हणू की ‘लाय डाउन’?

पेशंट स्वतः आडवा होणार असेल तर ‘लाय डाउन, प्लीज’. ‘लाय ऑन युअर बॅक’, पाठीवर झोपा. तुम्ही आणि आया मिळून त्याला आडवा करणार असाल तर एकमेकींना म्हणा, ‘ले हिम ऑन हिज साइड’. पेशंट तोच, खाटही तीच. अंग कोण हलवतंय यावर क्रियापद ठरतं. रिपोर्टमध्ये ‘पेशंट वॉज लेइंग ऑन द फ्लोअर’ लिहू नका. ‘लाइंग’ हवं.

पण ‘लाइंग’ म्हणजे खोटं बोलणंही होतं ना?

होतं, आणि त्यावर इंग्रजांचे हजार विनोद आहेत. ‘ही इज लाइंग इन बेड’ हे वाक्य आजारी पडल्याचं नाटक करणाऱ्याला दोन्ही अर्थांनी लागू पडतं. भूतकाळात मात्र सुटका होते. ‘ही लाइड’ म्हणजे खोटं बोलला, ‘ही ले’ म्हणजे पडून होता. झोपाळ्याशेजारी नुसतं ‘डू नॉट लाय हिअर’ लिहिलं तर व्याकरण निर्दोष आहे, पण वाचणारा गालातल्या गालात हसेल. ‘नो स्लीपिंग’ लिहून मोकळे व्हा.

परदेशी पाहुणेच ‘आय विल ले डाउन’ म्हणतात. मग चूक कोणाची?

त्यांचीही आणि कोणाचीच नाही. बोलताना ‘लाय’च्या जागी ‘ले’ म्हणणं इंग्रजीत काही शतकं चालू आहे. लॉर्ड बायरनसारख्या कवीनेही १८१८ साली समुद्राला उद्देशून लिहिलेल्या ओळींत माणसाला किनाऱ्यावर पडून राहू दे म्हणताना ‘लाय’ऐवजी ‘ले’ वापरलं, कारण यमक ‘बे’शी जुळवायचं होतं. व्याकरणवाले त्याच्यावर अजून डाफरतात.

माझं मत विचाराल तर बोलण्यात कोणाला दुरुस्त करायला जाऊ नये, पाहुण्याला तर मुळीच नाही. लिहिताना मात्र भेद पाळावा. पाटी, ईमेल, अर्ज, उत्तरपत्रिका यांतली चूक मागे राहते, आणि ती वाचताना खुलासा करायला आपण तिथे नसतो.

‘लेड’चं स्पेलिंग एल, ए, वाय, ई, डी असं चालेल का? ‘प्ले’चं ‘प्लेड’ तसंच होतं.

नाही. एल, ए, आय, डी. ‘पे’चं ‘पेड’ आठवा. आणि ‘लाय’ला आयएनजी लावताना आय, ई जाऊन वाय येतो, ‘डाय’चं ‘डाइंग’ होतं तसा.

लेआउट, लेऑफ, लेओव्हर?

तिन्ही ‘ले’च्या घरातले. नोकरीवरून काढलं तर ‘लेड ऑफ’. ‘लाइड ऑफ’ नाही.

दोष कोणाचा, हे सांगताना काय?

‘द फॉल्ट लाइज विथ मी’, दोष माझ्याकडे आहे. ‘ही लेड द ब्लेम ऑन मी’, त्याने दोष माझ्यावर टाकला. पहिल्यात दोष मुकाट पडून आहे, दुसऱ्यात कोणीतरी तो उचलून आणलाय. ग्रामसभेला बसलात की दोन्ही वाक्यांची उदाहरणं अर्ध्या तासात मिळतील.

मग ते झाडांचं वाक्य कसं हवं होतं?

‘ट्रीज ले अक्रॉस द रोड फॉर फोर डेज.’ आणि वादळाला कर्ता करायचं असतं तर ‘द सायक्लोन लेड अवर अरेका पाम्स फ्लॅट.’ वादळाने पोफळी आडव्या केल्या. ‘ने’ आहे. खरं तर हेच लिहायला हवं होतं, कारण रस्त्यावरची झाडं चार दिवसांत कापून बाजूला झाली, पण बहिणीची पोफळीची बाग पुन्हा लावावी लागली.

दुरुस्त वाक्य मी पाहुण्याला पाठवलं. तो दोन वर्षांनी आला. पहिल्याच सकाळी नाश्त्याला बहिणीने ऑमलेट वाढलं, तर त्याने माझ्याकडे बघत अगदी गंभीरपणे तिला विचारलं, हे कोंबडीचं की झाडाचं?